बोअरसाहेबांनी परत केलेला गोल

आमच्या गावाचं नाव आधी फक्त मिरचीमुळे होतं. तोडणीच्या दिवसांत आमच्याकडून वारा सुटला की धावड्याची माणसं घरात बसून शिंकत, आणि केदारखेड्याच्या बाजारात आमची गाडी शिरली की दुसऱ्यांचे बैल तोंड फिरवून उभे राहत. पुढे मिरचीवरही कडी करणारी एक चीज गावाला मिळाली, ती म्हणजे स्पेनचा सेंटर फॉरवर्ड. हे मी सांगायला लागलो की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग दाराकडे. पण बसा. यातलं पुष्कळसं खरं आहे.

बहात्तर सालचा तो मोठा दुष्काळ सरला होता, तरी विहिरी काही लगेच शुद्धीवर आल्या नव्हत्या. अशात जालन्याहून एक पिवळी गाडी आली, पाठीवर लोखंडी मनोरा आडवा टाकलेली. जमिनीला भोक पाडून पाणी काढायची गाडी. तिच्यातून एक गोरा माणूस उतरला. पन्नाशीच्या अलीकडचा, उन्हानं तांब्याच्या घागरीसारखा झालेला, एका पायानं किंचित लंगडणारा. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं त्याला दुष्काळी मुलखात धाडलं होतं. पाटलांनी नाव विचारलं. त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि नाव सांगून संपेपर्यंत पाटलांचा चहा निवला. तेव्हा गावानंच त्याचं बारसं करून टाकलं: बोअरसाहेब.

मी त्यांचा दुभाषा. जालन्याच्या कॉलेजात इंटरला आपटून मी नुकताच घरी आलो होतो, त्यामुळे गावातल्या सगळ्या इंग्रजीचा मालक मीच होतो. बोअरसाहेबांचं इंग्रजी माझ्याहून कच्चं, म्हणून आमचं फार छान जमलं. ते चार शब्द बोलत, मी त्याचे चाळीस करून गावाला देई. पाटील मान डोलवून म्हणत, "साहेबाची भाषा मोठी दाट हाय. एवढंसं बोलतो अन् केवढं निघतं."

गाडी धडधडत असली की त्यांना काही काम नसे. पाणी लागेपर्यंत बाभळीच्या सावलीत बसायचं आणि धुळीचा रंग बघायचा. एकदा असंच बसलो असताना त्यांनी पेटीतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. फोटोत एक जवान माणूस हवेत आडवा तरंगत होता, पायासमोर चेंडू, आणि मागं माणसंच माणसं. इतकी माणसं मी त्याआधी एकदाच पाहिली होती, मंत्री येणार म्हणून जमलेली, आणि तीही मंत्री न आल्यामुळे निघून गेली होती.

"कोण?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मग हळूहळू सगळं निघालं. बाप स्पेनच्या समुद्रावर मासे धरायचा. पोरगा वाळूत अनवाणी चेंडू मारायचा. वाळूत ज्याचा चेंडू पळतो त्याचा गवतावर उडतो, असं ते म्हणत. एका मोठ्या शहराच्या फुटबॉल टीमनं त्यांना उचललं आणि सगळ्यांच्या पुढं, मधोमध उभं केलं, म्हणजे सेंटर फॉरवर्ड. गोल करणं एवढंच काम. ते काम त्यांनी असं केलं की शहर वेडं झालं. पाववाला पावाचे पैसे घेईना, न्हावी दाढीचे घेईना, आणि आया पोरांना त्यांचं नाव ठेवू लागल्या. (गावाला सांगताना मी तिथल्या राजाला त्यांच्या घरी जेवायला आणलं होतं. एका भाकरीनं काही बिघडत नाही.) मग गुडघा गेला. लोक महिनाभर भेटायला आले, पुढं महिनाभर रस्त्यात विचारू लागले. आणि एक दिवस न्हाव्यानं दाढी करून झाल्यावर हात पुढं केला.

"त्या दिवशी मला कळलं," बोअरसाहेब म्हणाले, "मी रिटायर झालो."

मग ते यंत्रकाम शिकले आणि अशा मुलखात निघून आले जिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

आमच्याकडे ओळख व्हायला वेळ लागला नाही. मारुतीमागच्या बोअरला पाणी लागलं तेव्हा ते असं उसळलं की वरून जाणारी घार भिजली. बायांनी नव्या हापशाला हळदकुंकू लावलं, आणि हात भरलेलाच होता म्हणून बोअरसाहेबांनाही लावलं. दुसऱ्या दिवशी ते पारावर दाढीला बसले. दाढी झाली, त्यांनी खिशात हात घातला, तर आमचा न्हावी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. आमच्या घरचं पाणी तुमच्याच हातचं हाय."

मी भाषांतर केलं नाही. ते न करताच पोचलं होतं. बोअरसाहेब गालावर हात फिरवत मला म्हणाले, "पुन्हा सेंटर फॉरवर्ड झालो."

त्यांच्या गोष्टी ऐकून गावातले आम्ही सगळे रिकामे जवान फुटबॉलला लागलो. जालन्याहून कातडी चेंडू आणला. सुतारानं खळ्यापलीकडच्या माळावर बाभळीचे दोन खांब रोवून वर आडवा बांबू बांधला, तसेच दोन समोरच्या टोकाला. पाटील बघायला आले, काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "ही तर वेस झाली. बिनातोरणाची वेस बरी दिसत न्हाई."

झालं. दोन्हीकडच्या बांबूंना आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. आणि एकदा तोरण लागलं की पोळ्याचा कायदाही लागला. पोळ्याला गावचे सगळे बैल सजून वेशीच्या अलीकडं उभे राहतात, आणि मानाचा बैल तोरणाखालून गेल्याशिवाय बाकीच्यांनी खूर हलवायचा नसतो. तसं आमच्या माळावर पहिला गोल मानाचा ठरला. खेळ सुरू होण्याआधी पाटील काठीनं चेंडू ढकलत ढकलत निघायचे, माणसं दुतर्फा सरायची, गोलकीपर हात जोडून बाजूला व्हायचा, चेंडू तोरणाखालून गेला की हलगी वाजायची, आणि मग आम्ही एकमेकांच्या नडग्या फोडायला मोकळे.

बोअरसाहेब माळाकडं कधी फिरकले नाहीत. मी किती वेळा म्हटलं, या, नुसते उभे राहा. ते म्हणत, "मी उभं राहायला शिकलोच नाही. खेळलो तर जिंकायला खेळीन. आणि गुडघा आता जिंकू देत नाही."

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग माझं लग्न निघालं.

मुलगी घनसावंगीची. तिचे वडील निजामाच्या वेळी हैदराबादेत पोलिसात जमादार होते. राज्य गेलं, ते गावी आले, ऊस लावला, पण जमादारकी काही उतरली नाही. उसाच्या सरीसुद्धा कवायतीला उभ्या असल्यासारख्या. आणि दुसरं वेड फुटबॉलचं. हैदराबादेत त्यांनी चांगलाच फुटबॉल पाहिला होता आणि घनसावंगीत पोरांची एक टीम काढली होती.

आम्ही मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझ्या मामानं जीपमध्येच तंबी दिली होती: "तिथं तोंड उघडायचं ते फक्त पोह्यांसाठी."

मी उघडलंही नसतं. पण जमादारसाहेबांनी विषयच काढला तो हैदराबादच्या मैदानाचा. कोण कसा पळायचा, कोणाच्या किकनं कोणाची टोपी उडाली. मी अर्धी बशी संपेपर्यंत सहन केलं. मग म्हणालो, "आमच्या गावात स्पेनचा सेंटर फॉरवर्ड आहे."

मामानं डोळे मिटले.

जमादारांनी बशी खाली ठेवली. "काय हाय?"

"सेंटर फॉरवर्ड. स्पेनचा. रिटायर झालेला."

"अन् तुमच्या गावात काय करून राह्यला तो?"

"बोअर पाडतो."

जमादार माझ्याऐवजी मामाशी बोलू लागले. "पाव्हणं, मी पोलिसातला माणूस. पोरगी द्यायची म्हणून चौकशी केली. भोकरदनपासून अंबडपर्यंत सगळे एकच सांगतात. घर चांगलं, पोरगा कामाचा, निर्व्यसनी. पण बोलतो त्यातलं रुपयात दोन आणे खरं. मी म्हटलं, चला, दोन आणे बी चालतील. पण हे काय? ह्यात तर छदाम न्हाई."

"बिलकुल खरं आहे," मी म्हणालो.

"मंग दाखवा. माझी टीम घेऊन येतो. तुमच्या माणसाला खेळवा. म्हाताऱ्या खेळाडूचा एक पाय जरी खेळाडूचा निघाला, तरी मला कळंल. खरं असलं तर पोरगी दिली. थाप असली तर तुमच्या दारात चहाबी घेणार न्हाई."

तेवढ्यात चहाचे कप घेऊन आलेली मुलगी थांबली. तोवर तिनं खाली घातलेली मान वर केली नव्हती. आता केली आणि सरळ मला विचारलं, "कोणत्या पायानं खेळतात ते? डाव्या का उजव्या?"

मी तोंड उघडलं. आणि काय सांगू, आत काहीच सापडलं नाही. मी त्यांना चेंडू मारताना कधी पाहिलंच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

 परतीच्या वाटेवर अंबड मागं पडल्यावर मामा म्हणाला, "मुलगी चांगली होती." होती.

मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी बाभळीखाली बोअरसाहेबांपुढं बसलो आणि एकही शब्द न वाढवता सगळं सांगितलं. मुलगी, जमादार, अट. त्यांनी ऐकून घेतलं. गुडघा चोळला. मग विचारलं, "मुलगी तुला आवडली?"

"हो."

"तिला तू?"

"तिनं पायाचं विचारलं."

ते इतके हसले की गाडीवरचा माणूस यंत्र बंद करून बघायला लागला. "पायाचं विचारते म्हणजे खेळ कळतो," ते म्हणाले. "अर्धा तास खेळीन. जास्त नाही."

मॅचच्या दिवशी माळावर जत्रा होती. आजूबाजूच्या एवढ्या गावांतून बैलगाड्या आल्या की शिवारात बैलांना खायला चिपाडसुद्धा उरलं नाही. जमादारसाहेब कापसाच्या ट्रकमधून टीम घेऊन उतरले. स्वतः इस्त्रीची खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, कारण पंच तेच. उतरल्या उतरल्या ते मैदान पावलांनी मोजायला निघाले. त्यांची पाठ वळली तसे पाटील घनसावंगीच्या पोरांजवळ गेले आणि तोरणाकडं काठी दाखवून म्हणाले, "पोरांनो, आमच्याकडं पहिला गोल मानाचा असतो. आज मान बोअरसाहेबांचा."

"बराबर हाय, पाटील," त्यांचा गोलकीपर म्हणाला. पोळा त्यांच्याकडंही होताच. मी तिथंच उभा होतो. पण हे बोअरसाहेबांना किंवा जमादारांना सांगावं असं काही माझ्या मनात आलं नाही. पायातली वाहाण दाराबाहेर काढायची, हे पाहुण्याला कोणी समजावून सांगतं का?

बोअरसाहेब आले. अर्ध्या विजारीत. सगळ्या माळाची नजर त्यांच्या पोटऱ्यांवर गेली. पोटऱ्या कसल्या, उलटे ठेवलेले रांजण. म्हातारीकोतारी माणसंसुद्धा हळूच आपले पाय चाचपून पाहू लागली.

शिट्टी झाली. मी चेंडू त्यांच्याकडं ढकलला. ते निघाले. पहिली दोन पावलं लंगडी, तिसरं सरळ. चेंडू पायाला बांधल्यासारखा. समोर घनसावंगीचा एक पोरगा आला, साहेबांनी त्याला चुकवायला अंग वळवलं, तर तो आधीच बाजूला झालेला. दुसराही सरला. तिसऱ्यानं तर हातानं वाट दाखवली. माणसं दुतर्फा होत गेली आणि मधून बोअरसाहेब. लोकांनी हलगीवाल्याला ढोसलं. गोलकीपर, उसासारखा लांबच लांब पोरगा, खांबाला पाठ लावून हात जोडून उभा राहिला.

मी जमादारांकडं पाहिलं. शिट्टी तोंडातून गळून छातीवर लोंबत होती आणि चेहरा वांग्यासारखा झाला होता.

"माझीच पोरं फितवली तुम्ही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "गोलकीपरला बी सांगून ठेवलं."

"जमादारसाहेब, तसं नाही..."

"तुमच्या मामाला म्हणावं, आमचा ट्रक लगेच निघंल."

इतक्या वर्षांत मी लोकांना काय काय पटवून दिलं होतं. आमच्या मिरचीच्या पोत्यावर साप मेला होता, हे मी शाळेच्या मास्तरांना पटवलं होतं. आणि आता शंभर टक्के खरं सांगायचं होतं तर ते मलाच थापेसारखं वाटत होतं.

तिकडं बोअरसाहेब गोलच्या रेषेवर पोचले होते. चेंडूला बोटभर धक्का दिला असता तरी झालं असतं. त्यांनी त्यावर पाय ठेवला आणि थांबले. गोलकीपरकडं पाहिलं. तो नम्रपणे म्हणाला, "चला साहेब, जाऊ द्या आत."

हलगी वाजायच्या बेतात तशीच राहिली.

बोअरसाहेबांनी चेंडू उचलला, काखेत मारला आणि उलटे फिरले. ते चालत आले ते सरळ माझ्याकडं. त्यांना मी धूळ नाकातोंडात गेल्यावर पाहिलं होतं, बोअर कोरडी गेल्यावर पाहिलं होतं, पण असं तांबडं कधी पाहिलं नव्हतं.

"माझी चेष्टा चालली आहे?"

मी सगळं सांगितलं. वेस, तोरण, पोळा, मानाचा बैल. तुमचा मान केला, म्हणालो. ते ऐकून त्यांनी पाटलांकडं पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडंही बैलाला मान देतात. मारायच्या आधी."

"काय म्हणून राह्यले साहेब?" पाटलांनी विचारलं.

"म्हणतात, आमच्याकडंही पोळा असतो."

"असणारच," पाटील समाधानानं म्हणाले. "मोठा देश हाय."

मग बोअरसाहेब माझ्याशी आणखी थोडं बोलले. बोलून झाल्यावर जमादार जवळ आले. "अन् हे काय म्हटले आता?"

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी मोजून तेवढंच भाषांतर केलं. "म्हणतात, दाढी फुकट चालते. गोल फुकट चालत नाही. पोरांना सांगा, मला अडवा. नाही तर मी बोअरच्या गाडीवर परत जातो."

"तेवढंच?"

"तेवढंच."

जमादारांनी बोअरसाहेबांकडं पाहिलं. साहेबांच्या नाकपुड्या अजून फुललेल्या होत्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मग जमादारांनी टाचा जुळवल्या आणि हैदराबादी कडक सलाम ठोकला. वळून आपल्या गोलकीपरला म्हणाले, "हात जोडायला देवळात जा. इथं हात उघडे ठेव."

आणि जाता जाता मला म्हणाले, "हैदराबादेत गोल मारणारे बहुत पाह्यले. रेषेवरून गोल परत आणणारा न्हाई पाह्यला. सोंग असतं तर आत ढकलून नाचला असता. फुकटच्या गोलाचा राग यायला आधी खरे गोल मारलेले असावे लागतात."

"मग ट्रक?"

"थांबू द्या की. मॅच हाय ना."

पाटील मात्र नाराज. तोरणाचं काय, मान कोणाचा? बोअरसाहेबांनी माझ्यामार्फत सांगितलं की जो खरा गोल करील त्याचा. पाटलांनी विचार केला आणि कबूल झाले, पण म्हणाले, हे फक्त चेंडूपुरतं. बैलांना कळवायचं नाही.

पुढचा अर्धा तास घनसावंगीच्या पोरांनी बोअरसाहेबांना असं अडवलं की त्यांच्या अंगावर पाय ठेवायला जागा उरली नाही. ते पडले, उठले, पुन्हा पडले, आणि दर वेळी जास्त खूश दिसू लागले. दोन चेंडू वरून गेले. एक चिंचेत अडकला, तो काढायला माकडं आली. अर्धा तास संपत आला असताना मी जीव खाऊन एक चेंडू उंच टाकला. बोअरसाहेब मध्येच हवेत आडवे झाले, फोटोतल्यासारखे, आणि पाय फिरला. गोलकीपरनं हात उघडे ठेवले होते, पण चेंडू हातांच्या मधून गेला, तोरण घेऊन गेला, वरचा बांबू घेऊन गेला, आणि पलीकडच्या हरभऱ्यात पडला, तिथं एक ससा बसला होता तो अजून सापडलेला नाही. हलगीवाल्यानं इतकी वाजवली की कातडं फाटलं. लोकांनी बोअरसाहेबांना खांद्यावर घेतलं आणि वेशीतून गावात आणलं. वेशीशी पाटलांनी स्वतः त्यांच्या कपाळाला गुलाल लावला.

गुडघा मात्र आठ दिवस रांजणाएवढा झाला. ते खाटेवर पडून सगळ्यांना दाखवत.

लग्न झालं. अंतरपाट सरला, माळा पडल्या, आणि अक्षतांच्या गलक्यात नवरी माझ्याकडं किंचित झुकली. मी कान केला.

"पाय कोणता निघाला?" तिनं विचारलं.

"डावा."

तिनं मान हलवली, जणू आता लग्न पक्कं झालं.

पुढं पुष्कळ वर्षांनी मी तिला म्हणालो, बरं झालं त्या दिवशी बोअरसाहेबांना राग आला, नाही तर तुझ्या वडलांना माझं खरं कधीच पटलं नसतं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दादांना त्या दिवशी पटलं. मला पोह्याच्या दिवशीच पटलं होतं."

"कसं?"

"तुम्ही म्हटलं, माहीत नाही. थाप असती तर तुम्ही दोन्ही पाय सांगितले असते."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. बोअरसाहेब दोन्ही पायांनी खेळायचे, त्यांनीच मला नंतर खाटेवर सांगितलं. पण मी घरात आजपर्यंत डाव्यावरच आहे.